कुंभाराचं गाढव आणि पॉवर ॲम्प्लिफायर

गेल्या व्याख्यानात आपण प्रत्यक्ष मैफल आणि मुद्रित संगीत यांच्या नात्याबद्दल बोललो. त्यानंतर जे प्रश्न आले त्यातले निम्मे तत्त्वज्ञानाचे नव्हतेच, यंत्रांचे होते. (हशा) त्यातलाच एक आज विषय म्हणून घेतला आहे. प्रश्न असा : घरी साठ वॉटचा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर आहे, स्पीकर बऱ्यापैकी आहेत, खोली बारा बाय पंधरा फुटांची. ऐकणं मुख्यतः ख्याल, थोडं नाट्यसंगीत, थोडं पाश्चात्त्य अभिजात. दुकानदार म्हणतो, आता स्वतंत्र पॉवर ॲम्प्लिफायर घ्या, आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडेल. परीक्षणंही तेच म्हणतात. किंमत दीड लाख, आणि दोन वर्षांत निवृत्ती. घ्यावा का?

वरवर हा खरेदीचा प्रश्न आहे. आत मात्र तो कारणमीमांसेचा आहे. 'हे आणलं म्हणून ते झालं' असं कधी म्हणता येतं? नैयायिकांनी यावर शतकानुशतकं डोकं चालवलं. ऑडिओची परीक्षणं मात्र या प्रश्नाला ज्या सफाईने बगल देतात, ती बघण्यासारखी आहे. तेव्हा आजचं बोलणं म्हणजे त्या परीक्षणांचं परीक्षण आहे असं समजा. ओघाने त्या गृहस्थांना उत्तरही मिळेल.

आधी हे यंत्र काय आहे ते बघू. इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर म्हणजे एकत्र कुटुंब. कुठलं उपकरण वाजवायचं ते निवडणारा भाग, आवाज कमी-जास्त करणारा भाग आणि शेवटी स्पीकरला प्रत्यक्ष ढकलणारा पॉवरचा भाग, हे सगळे एका पेटीत राहतात आणि सहसा एकाच ट्रान्सफॉर्मरच्या चुलीवर जेवतात. सीडी प्लेअरमधून येणारा संकेत फार तर दोन व्होल्टचा, आणि त्यात प्रवाह नाममात्र. स्पीकरला जोरात हलवायचं तर वीस-पंचवीस व्होल्ट आणि काही अँपिअर लागतात. हे जड काम पॉवरच्या भागाचं. स्वतंत्र पॉवर ॲम्प्लिफायर घेणं म्हणजे त्या भागाने वेगळी चूल मांडणं. युक्तिवाद असा, की स्वतःचा मोठा ट्रान्सफॉर्मर आणि मोठे कपॅसिटर असले की तो भाग दमणार नाही, आणि शेजारच्या नाजूक भागांना त्याचा त्रासही होणार नाही. युक्तिवाद चुकीचा नाही. पण पेटी दमते आहे का, हे आधी कोणी तपासलं?

आता गाढवाकडे येऊ. विश्वनाथ पंचाननांचा 'भाषापरिच्छेद' हा सतराव्या शतकातला ग्रंथ मी बरीच वर्षं शिकवला. त्यात कारणाची चर्चा करताना 'अन्यथासिद्ध' नावाची कल्पना येते. घडा तयार होतो. त्याआधी काय काय हजर असतं? माती, चाक, चाक फिरवायचा दांडा आणि कुंभार. पण दांड्याला रंगही असतो. कुंभाराला बाप असतो, तो नसता तर कुंभारच नसता. आणि एखाद्या घड्यापुरतं बोलायचं तर माती पाठीवरून आणणारं गाढवही असतं. ही सगळी मंडळी घड्याच्या आधी हजर असतात. तरी दांड्याचा रंग, कुंभाराचा बाप आणि गाढव यांना घड्याचं कारण म्हणायचं नाही, असं नैयायिक सांगतात. त्यांच्यावाचून बाकीच्या सामग्रीने घडा सिद्ध होतो, म्हणून ते अन्यथासिद्ध.

वर्गात हे सांगताना मुलं हसायची. आता कुठलंही ऑडिओ परीक्षण उघडा. पहिला परिच्छेद कंपनीच्या परंपरेचा : संस्थापक कोण, त्यांनी कोणाच्या हाताखाली काम केलं. हा कुंभाराचा बाप. दुसरा परिच्छेद समोरच्या जाडजूड ॲल्युमिनियमच्या पट्टीचा, पेटीच्या वजनाचा, घडणीचा. हा दांड्याचा रंग. मग एकदम चौथ्या परिच्छेदात घडा तयार! पडदा बाजूला झाला, पार्श्वभूमी काळीशार झाली, वाद्यं हवेत सुटी सुटी उभी राहिली. मधली सगळी सामग्री गायब. गाढव मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालतंच आहे.

तुम्ही म्हणाल, प्राध्यापक, थट्टा पुरे. माणसाने नवा ॲम्प्लिफायर जोडला, आवाज बदलला, त्याने तो कानांनी ऐकला. प्रत्यक्ष प्रमाण आहे. त्यात शंका कसली?

ठीक आहे. आवाज बदलल्याचा अनुभव मी नाकारत नाही. पण पेटी बदलली त्या संध्याकाळी आणखी काय काय बदललं ते मोजा. स्पीकरच्या वायरी काढून पुन्हा घट्ट बसवल्या, त्यांच्या टोकांवरचा वर्षांचा मळ निघाला. स्पीकर ओढले गेले, परत ठेवताना चार इंच पुढे आले. घरच्यांना गप्प बसवलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी डोळे मिटून, दुसरं काही न करता, दोन तास ऐकलं. आणि दीड लाख रुपये गेले, तेव्हा काहीतरी ऐकू येणं भागच होतं.

यापेक्षाही मोठी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. पॉवर ॲम्प्लिफायर आलेला संकेत किती पटींनी वाढवतो, हे प्रत्येक पेटीत वेगळं असतं. याला 'गेन' म्हणतात. तुमच्या जुन्या पेटीतल्या पॉवरच्या भागापेक्षा नव्याचा गेन दोन-तीन डेसिबलने जास्त असेल, तर बटण त्याच खुणेवर ठेवूनही आवाज मोठा येतो. हा फरक थोडा असला की कान त्याला 'मोठा' म्हणत नाही, 'चांगला' म्हणतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं की कानाची संवेदना आवाजाच्या पातळीप्रमाणे बदलते. आवाज लहान असताना खर्ज कानाला फार कमी पोचतो, आवाज वाढवला की खर्ज भरून येतो. म्हणजे नुसतं बटण फिरवलं तरी तंबोऱ्याचा खर्ज भरदार होतो आणि डग्ग्याला अंग येतं. परीक्षणात नेमकं हेच शब्द पॉवर ॲम्प्लिफायरच्या नावावर जमा होतात.

आता त्या शब्दांबद्दलच थोडं बोलतो. माझा मुख्य आक्षेप तिथे आहे. अनुभवातून आलेल्या शब्दांवर माझा राग नाही. 'जवारी' हा शब्द घ्या. जवारी खुली आहे, बंद आहे, उतरली आहे असं आपण म्हणतो. हे मीटरवर मोजलेलं नसतं, कानांनीच ठरवलेलं असतं. पण मिरजेच्या तंबोरे करणाऱ्या कारागिराला जाऊन सांगा की षड्जाची जवारी बसली. तो तार छेडतो, घोडीचा पृष्ठभाग घासतो, तारेखालचा दोरा सुताभर सरकवतो, पुन्हा छेडतो. खोलीत पाच जाणती माणसं असतील तर पाचही जणांना तो क्षण एकदमच कळतो. दोरा परत मागे घेतला की जवारी जाते, पुढे आणला की येते. नैयायिकांच्या भाषेत हा अन्वय-व्यतिरेक : असलं की होतं, नसलं की होत नाही. 'जवारी' या शब्दाच्या पाठीशी एक कृती आहे, आणि ती कृती सर्वांसमोर करून बघता येते.

'काळीशार पार्श्वभूमी' या शब्दाच्या पाठीशी कुठला दोरा आहे? कोणी सरकवायचा? तो मागे घेतल्यावर काळेपणा जातो का, आणि तो गेल्याचं पेटीकडे पाठ करून बसलेल्या माणसाला कळतं का? परीक्षणं हे कधी विचारत नाहीत. म्हणून ते शब्द फुगत जातात. या वर्षीची पार्श्वभूमी गेल्या वर्षीपेक्षा काळी, पुढच्या वर्षीची त्याहून काळी. काळोखाला काही तळ असेल की नाही? (हशा)

हा दोरा सरकवून बघायचे प्रयत्न झालेले आहेत, आणि ते चांगले गाजलेलेही आहेत. इंग्लंडमध्ये १९७८ मध्ये जेम्स मॉयर या ध्वनितज्ज्ञाने क्वाड कंपनीचे तीन ॲम्प्लिफायर घेतले : १९५३ चा पंधरा वॉटचा व्हॉल्व्हचा, १९६७ चा ट्रान्झिस्टरचा ३०३, आणि १९७५ चा शंभर वॉटचा ४०५. आतली तंत्रं पूर्णपणे निराळी. कुठला वाजतो आहे हे न सांगता, पातळी जुळवून, श्रोत्यांना ऐकवले. निव्वळ अंदाजाने जेवढी बरोबर उत्तरं येतील त्यापेक्षा वेगळं काही हाती आलं नाही. गंमत बघा, तिन्ही एकाच घराण्याचे. दुसरा कुठला उत्पादक असता तर आपला नवा नमुना जुन्यासारखाच वाजतो या निकालाने हवालदिल झाला असता. पण क्वाडचे संस्थापक पीटर वॉकर यांची भूमिकाच अशी होती की ॲम्प्लिफायरला स्वतःचा आवाज असू नये.

पुढे जानेवारी १९८७ मध्ये 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकाने सहा ॲम्प्लिफायर घेऊन अशीच चाचणी छापली. त्यात दोन-सव्वादोनशे डॉलरच्या रिसीव्हरपासून बारा हजार डॉलरच्या जोडीपर्यंत सगळे होते. पंचवीस श्रोते, त्यात फरक ऐकू येतो म्हणणारेही होते आणि येत नाही म्हणणारेही. दोन्ही गटांची मजल नाणेफेकीच्या पुढे गेली नाही.

मला मात्र या दोन्हींपेक्षा १९८५ ची एक हकीकत जास्त शिकवून जाते. बॉब कार्व्हर हा अमेरिकन अभियंता. तो 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांना म्हणाला, तुम्हाला आवडेल तो महागडा ॲम्प्लिफायर निवडा, मी माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरला अठ्ठेचाळीस तासांत त्याच्यासारखं वाजायला लावतो. मासिकाचं ठाणं तेव्हा न्यू मेक्सिकोतलं सांता फे होतं. तिथल्या हॉटेलच्या एका खोलीत तो डाग द्यायची इस्त्री घेऊन बसला. दोन्ही पेट्यांना एकच संगीत द्यायचं आणि त्यांच्या बाहेर पडणाऱ्या संकेतांची वजाबाकी ऐकायची. जे उरतं तो दोघांतला फरक. भाग बदलत बदलत ती बाकी जवळजवळ शून्यावर आणायची. सुरुवातीला संपादकांना फरक ऐकू येत होता, आणि तो खराच होता. काम संपलं तेव्हा तो ऐकू येईना, आणि त्यांनी तसं छापलं. पुढे बाजारात आलेल्या त्याच्या नमुन्यांत मूळची जुळणी तेवढी राहिली नाही यावरून बराच वाद झाला, तो सोडून देऊ.

या हकीकतीत दोन्ही पक्षांना उत्तर आहे. फरक असू शकतो हे त्यात सिद्ध झालं, 'सगळे सारखेच' म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. आणि तो फरक किमतीत, वंशात किंवा पट्टीच्या जाडीत नव्हता, काही मोजता येणाऱ्या गुणांत होता. ते गुण स्वस्त पेटीतही आणता आले. कुंभार सापडला, गाढव बाजूला उभं राहिलं.

आता संशयवाद्यांचाही हिशेब करू, नाहीतर मी एकाच बाजूला झोडपतो आहे असं होईल. 'सगळे ॲम्प्लिफायर सारखेच वाजतात' हे विधान इंटरनेटवर आजकाल फार मिजाशीने केलं जातं. ही व्याप्ती आहे, पण सोपाधिक. तर्कशास्त्रातलं जुनं उदाहरण घ्या : जिथे आग तिथे धूर. खरं का? नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर हवा तर लाकूड ओलं असावं लागतं. ओलं लाकूड ही तिथली उपाधी, म्हणजे विधानात न बोललेली, पण ज्यावाचून विधान उभं राहत नाही ती अट. या सगळ्या चाचण्यांचीही अशी एक अट आहे. त्या चाचण्यांतला कुठलाही ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर राबवला जात नव्हता. ताकदीच्या आत, सपाट प्रतिसादाचे, स्पीकरपुढे न वाकणारे ॲम्प्लिफायर सारखे वाजतात. एवढंच सिद्ध झालं आहे. जो ताकदीबाहेर गेला त्याचं काय, हे त्या चाचण्या सांगत नाहीत.

आणि ताकदीबाहेर गेलेला ॲम्प्लिफायर कोणालाही ऐकू येतो. त्यासाठी सोनेरी कान लागत नाहीत. पुरवठ्याच्या व्होल्टेजची सीमा आली की लहरीचं डोकं वर जायच्या ऐवजी कापलं जातं. यालाच क्लिपिंग म्हणतात. तबल्याची चाट टोकदार यायच्या ऐवजी फुटते, तारसप्तकातली तान खरखरीत होते, आणि अर्ध्या तासात कारण न कळता थकवा येतो, आवाज कमी करावासा वाटतो. अशा घरात मोठा पॉवर ॲम्प्लिफायर आणला तर खरोखर फरक पडतो, आणि तो आणणारा माणूस भ्रमात नसतो. दुर्दैव असं की ज्याला तो लागतो आणि ज्याला लागत नाही, त्या दोघांचं वर्णन परीक्षणात शब्दशः सारखं येतं.

मग आपल्या घरात लाकूड ओलं आहे का, हे कसं ओळखायचं? इथे जरा आकडे सहन करा.

स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता दिलेली असते. समजा ८६ डेसिबल. म्हणजे एक वॉट दिला तर एक मीटरवर ८६ डेसिबल. तुम्ही तीन मीटरवर बसता, खोलीत त्यातले सहा-आठ गळतात, दोन स्पीकर असल्यामुळे तीनेक परत मिळतात. म्हणजे एका वॉटला खुर्चीत सुमारे ८२. घरात मन लावून ऐकताना सरासरी ७५ पुष्कळ होते. त्याला पाव वॉटसुद्धा लागत नाही. पण संगीतात शिखरं असतात, सरासरीच्या वर वीस डेसिबलपर्यंत जाणारी. ९५ चं शिखर गाठायला वीस वॉट हवेत. साठ वॉटमध्ये हे आरामात बसतं. आता हाच माणूस सरासरी ८५ वर सिंफनी ऐकू लागला तर शिखर १०५ ला जातं, आणि दोनशे वॉट लागतात. दहा डेसिबल म्हणजे दहापट शक्ती, हे गणित निर्दय आहे. आणि दुसऱ्या बाजूने बघा : साठाचे एकशेवीस वॉट केले तर वाढ किती? तीन डेसिबल. कानाला 'थोडा मोठा' एवढंच वाटेल. दुप्पट मोठा वाटायला सहाशे वॉट लागतील. दुकानात 'दुप्पट पॉवर' हे शब्द ऐकलेत की हे आठवा.

हा झाला कागदावरचा अंदाज. पण अंदाज कशाला, घरात मोजता येतं. चार-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. सगळ्यात जोरात वाजणारं आवडतं मुद्रण लावा आणि बटण तुमच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या ऐकण्याइतकं वर न्या. तिथे सोडा, हलवू नका. संगीत थांबवा, ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या वायरी सोडवा, उघडी टोकं एकमेकांना लागू देऊ नका, आणि पुन्हा चालू करा. (व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असेल तर हे अजिबात करू नका, तो स्पीकरशिवाय चालवला तर खराब होऊ शकतो.) आता शंभर हर्ट्झचा शुद्ध स्वर वाजवा. असे स्वर फुकट मिळतात. त्याची पातळी डिजिटल कमालीच्या बारा डेसिबल खाली असलेली घ्या. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या टोकांवर मोजा. जो आकडा येईल त्याला चाराने गुणा. डिजिटल मुद्रणात कमालीच्या वर काही जाऊच शकत नाही, त्यामुळे तुमच्या सर्वांत मोठ्या ऐकण्याला लागणारं व्होल्टेज यापेक्षा जास्त असणार नाही.

समजा मीटरने दोन व्होल्ट दाखवले. चार पट केली, आठ. आठ ओहमच्या स्पीकरला आठ व्होल्ट म्हणजे आठ वॉट. साठ वॉटचा ॲम्प्लिफायर जवळजवळ बावीस व्होल्ट देऊ शकतो. म्हणजे या घरातलं लाकूड ठणठणीत कोरडं आहे. इथे पॉवर ॲम्प्लिफायर आणला तर तो गाढव होऊन राहील, कितीही देखणा असला तरी. पण मीटरने सहा दाखवले, तर चोवीस होतात. तुमची पेटी सीमेपलीकडे ढकलली जाते आहे, आणि दुकानदार बरोबर आहे, जरी त्याला त्याचं कारण ठाऊक नसलं तरी.

एक पोटप्रश्न राहतो. स्पीकरवर 'आठ ओहम' लिहिलेलं असतं ते सरासरी सौजन्य आहे. काही स्पीकर काही स्वरांना तीन-चार ओहमपर्यंत खाली येतात, म्हणजे तेवढ्याच व्होल्टला दुप्पट प्रवाह मागतात. ऐंशीच्या दशकात अपोजी कंपनीचा सिंटिला नावाचा स्पीकर आला होता, त्याचा अवरोध चक्क एक ओहम. त्याच्यापुढे भले भले ॲम्प्लिफायर बसले. असा स्पीकर घरात असेल तर स्वतंत्र पॉवर ॲम्प्लिफायर हा शौक उरत नाही, ती गरज होते. म्हणून पेटीच्या माहितीपत्रकात आठ ओहमचा आकडा आणि चार ओहमचा आकडा शेजारी ठेवून वाचा. आठला शंभर आणि चारला एकशेनव्वद असेल तर ट्रान्सफॉर्मर तगडा आहे. आठला साठ आणि चारला सत्तर असेल, किंवा चारचा आकडा दिलाच नसेल, तर समजून घ्या. सिनेमासाठीच्या एव्ही रिसीव्हरचंही तसंच : पाच-सात चॅनेल एका ट्रान्सफॉर्मरवर, जाहिरातीतले वॉट बहुधा दोनच चॅनेल चालवून मोजलेले. त्याला प्री-आउट असेल तर दोन मुख्य स्पीकरांसाठी वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर जोडणं शहाणपणाचं ठरू शकतं.

उलट बाजूही आहे. बीबीसीने आपल्या बातमीगाड्यांसारख्या लहान जागांसाठी बनवलेला एलएस३/५ए हा लहानसा स्पीकर. त्याची संवेदनशीलता ८३ डेसिबलच्या आसपास, म्हणजे कमीच. लोक म्हणतात, मग त्याला मोठा ॲम्प्लिफायर द्या. पण त्याची सहनशक्तीही बेताची. ॲम्प्लिफायर दमण्याआधी स्पीकरच हात जोडतो. क्वाडच्या १९५७ च्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरला तर जास्त ताकदवान ॲम्प्लिफायर लावून लोकांनी त्याचे पडदे जाळले आहेत.

मोनोब्लॉक, म्हणजे डाव्या-उजव्याला वेगवेगळ्या पेट्या, याबद्दल एकच वाक्य : तबकडीवरच्या सुईलाच दोन बाजू पंचवीस-तीस डेसिबलपेक्षा फार वेगळ्या ठेवता येत नाहीत, तिथे पुढे नव्वद डेसिबलचं विलगीकरण विकत घेऊन कोणाला वेगळं करणार?

आता एक युक्तिवाद उरतो आणि तो मला सर्वांत खटकतो. तो असा : तुम्हाला फरक ऐकू येत नाही, कारण तुमचा कान तयार नाही. हा अधिकारीभेद आहे. वेदान्तात अधिकारी कोण याची चर्चा असते, संगीतातही कान तयार व्हावा लागतो, हे मला मान्य आहे. पण गुरूचा कान तयार आहे हे आपण कशावरून मानतो? शिष्याने मागे बसून चार तारांपैकी एक केसभर उतरवली तर गुरू न बघता सांगतो, पंचम गेला. तो रोज परीक्षा देतो आणि रोज पास होतो. ऑडिओतले तयार कान मात्र नेमकी हीच परीक्षा नाकारतात. डोळे बांधले की आम्हाला ताण येतो, म्हणतात. ताण गवयालाही येतो. आणि या युक्तिवादाने होतं काय, तर ज्याने चाळीस वर्षं ख्याल ऐकला, ज्याला श्रुतीचा फरक कळतो, असा माणूस दुकानात गेल्यावर स्वतःच्या कानावरचा विश्वास काउंटरवर ठेवून येतो. दीड लाखाचं नुकसान भरून काढता येईल. हे दुसरं नुकसान जास्त आहे.

म्हणून तो गृहस्थ जर ऐकूनच ठरवणार असेल, आणि तसं ठरवायलाही हरकत नाही, तर परीक्षा घरी घ्यावी. शक्य असेल तर दुकानदाराकडून पेटी दोन दिवस मागून आणावी. शंभर हर्ट्झच्या स्वरावर दोन्ही पेट्यांचं व्होल्टेज स्पीकरच्या टोकांशी जुळवावं. एकीचे २.०० असतील तर दुसरीचे २.०२ च्या पलीकडे जाऊ देऊ नयेत. मग मुलीला किंवा शेजाऱ्याला नाणं उडवून पेटी निवडायला सांगावं, आणि आपण पाठ करून बसावं. सोळा वेळा. बारा किंवा जास्त बरोबर आली तर नुसत्या नशिबाने तसं घडण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत आहे, तेव्हा फरक खरा धरावा. दहा आली तर चहा घ्यावा आणि पेटी परत करावी. फरक खरा निघाला तरी 'चांगला' कुठला हे पुन्हा वेगळं ठरवायचं, हे विसरू नये. वायरी बदलायला वेळ लागतो आणि तेवढ्यात स्मृती पुसट होते हा आक्षेप रास्त आहे. पण मग 'गेल्या वर्षी ऐकलेल्या पेटीपेक्षा ही जास्त मोकळी' असं लिहिणाऱ्या परीक्षकाच्या स्मृतीचं काय करायचं?

आणि कोणी म्हणालं, मला ती पेटी दिसायला आवडते, तिचा भरीव डौल आवडतो, संध्याकाळी तिचा दिवा लागला की बरं वाटतं, म्हणून घेतो, तर त्याने जरूर घ्यावी. माणसं पितळी समई घेतात ती काही उजेडासाठी घेत नाहीत. फक्त तिच्या नावावर आवाज लिहू नये.

आपल्या प्रश्नकर्त्याला मी एवढंच सुचवतो की बारा बाय पंधराच्या खोलीत खाली फरशी आणि चारी बाजूंना काँक्रीट असेल, तर त्याचे पैसे आधी जाड जाजमावर, पडद्यांवर आणि स्पीकर भिंतीपासून पुढे ओढण्यावर जावेत. यातलं शेवटचं तर फुकट आहे. त्यानंतरही पैसे उरले तर स्पीकर. ८६ च्या ऐवजी ९२ संवेदनशीलतेचा स्पीकर आणला तर घरच्या साठ वॉटचे दोनशेचाळीस झाल्यासारखं होतं, आणि स्पीकरांमधले फरक डोळे बांधूनही ऐकू येतात.

मीटरने कौल दिला म्हणून कोणी पॉवर ॲम्प्लिफायर घेणारच असेल, तर दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून थांबतो. आपल्या इंटिग्रेटेडच्या मागे 'प्री-आउट' लिहिलेली जोडी आहे का ते खरेदीच्या आधी बघा. १९७८ च्या एनएडी ३०२० सारख्या स्वस्त पेटीतही ती सोय होती, आज पुष्कळ महाग पेट्यांतही नसते. 'टेप आउट' किंवा 'रेक आउट' म्हणजे प्री-आउट नव्हे. त्या वाटेवर आवाजाचं बटण लागतच नाही. तिथे पॉवर ॲम्प्लिफायर जोडलात तर पहिल्याच क्षणी पूर्ण ताकदीने वाजेल आणि ट्वीटर जाईल. आणि दोन पेट्या झाल्या की कधी कधी पन्नास हर्ट्झची घुमघुम सुरू होते. दोन्ही एकाच बोर्डावर लावा, बहुधा थांबते. नाही थांबली तरी अर्थिंगची पिन कोणी कितीही सांगितलं तरी काढू नका.

बरं, प्रश्न घेऊ या. मागे कोणाचा तरी हात वर आहे.